एक्का-राजा हातात, फ्लॉपवर काहीच नाही

कांदिवलीहून पोकरचा प्रश्न आलाय: "एक्का-राजा, एक्का-राणी असा हात आला की मी रेझ करतो. दोघं-तिघं कॉल करतात. फ्लॉपवर काहीच लागत नाही. बेट मारली तर कोणीतरी धरून बसतो, चेक केलं तर समोरचा मारतो आणि मला सोडावं लागतं. ऑनलाइनला पत्ते मुद्दाम असे पाडतात का? आणि पाडत नसतील, तर हा हात फ्लॉपनंतर खेळायचा कसा?" सोबत त्यांनी हरलेला एक डावही पाठवलाय. त्याच्याकडे थोडं नंतर येतो. पोकरला नवे असाल तर एवढं ध्यानात ठेवा: प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मधे सगळ्यांसाठी पाच; त्यातले पहिले तीन म्हणजे फ्लॉप, चौथा टर्न, पाचवा रिव्हर. पैसे लावणं म्हणजे बेट, समोरच्याएवढेच भरणं कॉल, वाढवणं रेझ, काही न लावता पुढे जाणं चेक, पत्ते टाकून देणं फोल्ड.

आधी संशयाचं बघू, कारण तो मनात राहिला तर पुढचं काही डोक्यात शिरणार नाही. हातात दोन वेगळे पत्ते असतील तर फ्लॉपच्या तीन पत्त्यांत त्यांपैकी एक तरी जुळण्याची शक्यता साधारण ३२ टक्के. म्हणजे तीनदा एक्का-राजा आला तर दोनदा फ्लॉप कोरडाच जाणार. गिरगावातल्या गच्चीवर हाताने पिसलेल्या कॅटलाही हेच लागू आणि मोबाइलवरच्यालाही. फरक आहे तो वेगाचा. समोरासमोर बसून तासाला पंचवीस-तीस डाव होतात. ऑनलाइनला एका टेबलावर साठ ते ऐंशी. दोन टेबलं उघडून दोन तास बसलात की पावणेतीनशेच्या आसपास डाव झाले. एक्का-राजा सरासरी ८३ डावांत एकदा येतो. त्या हिशेबाने एका संध्याकाळी तो तीन-चारदा आला, त्यातला एकदा लागला आणि बाकीचे वेळा तुम्ही चरफडलात. गच्चीवर एवढ्याच चरफडीला चार रविवार लागले असते.

या ३२ टक्क्यांच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा. पाचही पत्ते बघायला मिळाले तर एक्का किंवा राजा जुळण्याची शक्यता जवळजवळ ४९ टक्क्यांवर जाते. म्हणूनच टूर्नामेंटमध्ये दहा-बारा बिग ब्लाइंडएवढ्याच चिप्स उरलेला खेळाडू (ब्लाइंड म्हणजे पत्ते बघण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, एक छोटी, एक मोठी) एक्का-राजा दिसला की फ्लॉपची वाटच बघत नाही, सगळं आत लोटतो. एकदा पैसे आत गेले की पाचही पत्ते त्याला बघायला मिळणार, कोणी मध्येच उठवू शकत नाही. समोर राण्यांची जोडी निघाली तरी तो ४३ ते ४६ टक्के जिंकतो. पण शंभर ब्लाइंडचा स्टॅक (पुढ्यातल्या चिप्स) घेऊन बसलेल्याला टर्नसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात आणि रिव्हरसाठी वेगळे. या हाताची खरी कटकट तिथेच आहे.

फ्लॉप हुकला की तुमच्या कामाचे पत्ते उरतात सहा: तीन एक्के, तीन राजे. पुढच्या एका पत्त्यावर लागण्याची शक्यता सुमारे १३ टक्के, दोन्ही पत्ते मिळून २४. बहुतेक जण मनात २४ धरतात आणि एका पत्त्याचे पैसे भरतात. टर्न कोरडा गेला की समोरचा पुन्हा पैसे मागतो, तेव्हा "एवढं टाकलंय तर आता..." म्हणून आणखी टाकतात. आपण सगळे मेंढीकोटावर वाढलेलो, तिथे एक्का टाकला आणि कोणी हुकूम मारला नाही की हात आपला. तीच नजर घेऊन पोकरला बसलं की एक्का-राजा हा "मोठा हात" वाटतो आणि फ्लॉपनंतरही तो मोठाच वाटत राहतो. फ्लॉप हुकल्यावर तो नुसता एक्का-हाय आहे, म्हणजे जोडी नाही, फक्त मोठा पत्ता, पत्त्यांची साधी दुर्रीची जोडीही त्याच्या पुढे आहे. पण समोरच्याचाही फ्लॉप बहुतेक वेळा हुकलेलाच असतो, आणि दोघांचाही हुकला असेल तर पुढे तुम्ही आहात. हे दोन्ही एकाच वेळी खरं आहे. खेळायचं ते त्या दोन्हींच्या मधल्या जागेत.

तुम्ही कुठे खेळता त्यावर पुढचं बरंच अवलंबून आहे, म्हणून तेही सांगून टाकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. कौशल्याचा खेळ की नशिबाचा, या जुन्या वादात न पडता पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली आणि इथल्या पोकर कंपन्यांनी पैशांची टेबलं गुंडाळली. तुम्ही लिहिलंय की आता मोफत चिप्सवर खेळता, दिवाळीत मित्रांकडे बसता आणि वर्षातून एखाद्या वेळी पणजीला मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर जाता. परदेशी साइटवर आडवाटेने पैसे भरायचा विचार असेल तर त्यात माझा सल्ला मागू नका. मोफत चिप्सचं टेबल सरावाला वाईट नाही, फक्त तिथे कोणी फोल्ड करत नाही. फोल्ड न करणाऱ्या माणसासमोर हुकलेला एक्का-राजा अगदी वेगळा खेळावा लागतो. त्याचंही सांगतो, पण आधी विचार करणारा माणूस समोर आहे असं धरू.

सोपा डाव घेऊ. ब्लाइंड ५०-१००, प्रत्येकापुढे दहा हजार. तुम्ही कटऑफला (शेवटी बोलणाऱ्या बटणच्या आधीची जागा), हातात इस्पिकचा एक्का आणि चौकटचा राजा. २५० ला रेझ केलं, बाकी सगळे गेले, बिग ब्लाइंडने कॉल केलं. पॉटमध्ये, म्हणजे मधल्या ढिगात, स्मॉल ब्लाइंडचे ५० धरून ५५०. फ्लॉप: बदामची राणी, किलवरची सत्ती, इस्पिकची दुर्री. समोरचा चेक करतो.

इथे बेट मारायची, आणि छोटी मारायची: १८०च्या आसपास, पॉटच्या एक-तृतीयांश. ५५० मिळवायला तुम्ही १८० टाकताय, म्हणजे चारातून एकदा जरी समोरच्याने पत्ते टाकले तरी तुमची बेट फुकट गेली नाही. आता बिग ब्लाइंडमधून लोक काय काय घेऊन येतात ते आठवा. गुलाम-नव्वी, दश्शी-अठ्ठी, छक्की-पंजी, राजा-चौकी, गुलाम-दश्शी. या बोर्डवर (मधल्या उघड्या पत्त्यांवर) यातल्या कशालाच काही मिळालेलं नाही. चारातून एकदा सोडा, त्याहून बऱ्याच जास्त वेळा तो टाकणार. आणि "माझ्यापेक्षा वाईट हातच तर टाकतोय, मग मला काय मिळालं?" असं वाटू देऊ नका. गुलाम-दश्शी तुमच्या मागे आहे खरी, पण पुढच्या दोन पत्त्यांत गुलाम किंवा दश्शी पडायची शक्यता चारात जवळजवळ एक आहे. ती शक्यता १८० चिप्समध्ये विकत घेऊन तुम्ही कचऱ्यात टाकलीत. स्वस्त सौदा आहे.

या बोर्डवर तुमच्या हाताचा आणखी एक गुण दिसत नाही तो दाखवतो. समोरच्याकडे एक्का-राणी असण्याचे साधारण १२ प्रकार, राजा-राणीचेही १२ (एक राणी बोर्डवर गेली, उरल्या तीन). तुमच्या हातात एक एक्का आणि एक राजा असल्याने दोन्ही बारांचे नऊ झाले. म्हणजे ज्या हातांनी तो तुम्हाला हटकून धरणार, तेच हात तुम्ही थोडे कमी केलेत.

पूर्वी, म्हणजे दहा-बारा वर्षांपूर्वी, फ्लॉपवर पॉटच्या दोन-तृतीयांश बेट ठोकायची रीत होती, आणि बोर्ड कसाही असला तरी ठोकायची. सॉल्व्हर, म्हणजे योग्य चाल मोजून काढणारे प्रोग्राम, आले आणि ती रीत मोडली. कोरड्या बोर्डवर छोटी आणि वारंवार, ओल्या बोर्डवर (जिथे ओळीने पाच पत्त्यांचा स्ट्रेट किंवा एका रंगाच्या पाचांचा फ्लश बनू शकतो) क्वचित आणि मोठी, असा आता खेळ आहे. १८० चं जे काम आहे तेच ३७० करत असेल तर जास्तीचे १९० कशाला? राणी धरलेला माणूस दोन्हीला कॉलच करणार, दश्शी-अठ्ठीवाला दोन्हीला टाकणारच.

कोणता बोर्ड तुमचा आणि कोणता त्याचा, हे ओळखायला फार डोकं लागत नाही. रेझ तुम्ही केलं, म्हणून एक्के, राजे, राण्या, एक्का-राजा, राजा-राणी असे हात तुमच्याकडे जास्त. त्याने ब्लाइंडमधून नुसता कॉल केला, म्हणून अठ्ठी-सत्ती, सत्ती-छक्की, पंजी-चौकी, लहान जोड्या त्याच्याकडे जास्त. एक्का-राणीवर फ्लॉप राजा-अठ्ठी-तिर्री आला तर तो हुकूनही तुमचाच फ्लॉप आहे. राजा तुमच्याकडे असल्याची गोष्ट कोणालाही पटते, छोटी बेट डोळे झाकून मारा. तोच हात आणि फ्लॉप अठ्ठी-सत्ती-छक्की, त्यात दोन बदाम: हा त्याचा. तुमच्या हातात बदाम नसेल तर चेक करा. चेक केल्यावर त्याने मारलं तर जाऊ द्या. असे डाव सोडताना जीव जळतो हे मान्य, पण रेझला टाकलेले २५० हे त्या हाताचं भाडं होतं, ते भरून झालं.

हातातले दोन्ही पत्ते एकाच रंगाचे असतील आणि फ्लॉपवर त्या रंगाचा एक पत्ता असेल तर बेटकडे थोडं झुका. टर्न-रिव्हर दोन्ही त्याच रंगाचे पडायची शक्यता चार टक्केच आहे, ती फार नाही. पण टर्नला तो रंग आला की दुसऱ्यांदा मारायला कारण मिळतं. दोन पत्ते असतील तर मामला वेगळाच: एक्का-राजासोबत नटचा फ्लश ड्रॉ (आणखी एक पत्ता लागला की सगळ्यात मोठा फ्लश) म्हणजे कामाचे पंधरा पत्ते, एका साध्या जोडीसमोर तुम्हीच किंचित पुढे. त्याला हुकलेला हात म्हणूच नये.

आता टर्न. माझ्या मते तुमच्या चिप्स फ्लॉपवर जात नाहीत, इथे जातात. वरच्याच डावात त्याने १८० कॉल केलं, पॉट झाला ९१०. टर्नला तिर्री पडली, चेक आलं. फ्लॉपला कॉल केलेल्या माणसाकडे राणी आहे, सत्ती आहे, अठ्ठ्यांपासून गुलामांपर्यंतची एखादी जोडी आहे, कधीमधी एक्का-हाय आहे. तिर्रीने यातल्या कोणाचंही मन बदललेलं नाही. पुन्हा मारलंत तर तुम्ही फक्त आशेवर मारताय. चेक करा. रिव्हरला फुकटात जाऊ द्या; एक्का-राजा हा हात शेवटी उघडल्यावरही बऱ्याच वेळा जिंकतो, विशेषतः समोरचा एक्का-दश्शी घेऊन चिकटला असेल तर.

पण टर्नला दश्शी पडली तर? आता गुलाम आला की तुमचा स्ट्रेट, चार गुलाम. सहाचे दहा पत्ते झाले, ४६ पैकी दहा, जवळजवळ २२ टक्के. शिवाय सत्ती किंवा अठ्ठ्यांची जोडी धरून बसलेल्याला बोर्ड आता भीतीदायक दिसतो. इथे सहाशेची दुसरी बेट मारण्यात अर्थ आहे. सहाशे टाकून ९१० जिंकायचे तर त्याने दहातून चारदा टाकायला हवं. पण तुमच्या मागे २२ टक्क्यांची गादी असल्यामुळे त्याहून कमी वेळा टाकलं तरी चालतं. एक बारकावा: दहाही पत्ते निर्मळ नाहीत. राजा पडला आणि समोर गुलाम-नव्वी असली तर तुमची राजांची जोडी आणि त्याचा स्ट्रेट. तेव्हा लागल्यावरही समोरून जोरात रेझ आलं तर थांबून विचार करा.

ढोबळ नियम हवाच असेल तर: टर्नच्या पत्त्याने तुम्हाला नवा ड्रॉ दिला किंवा बोर्डवरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याहून मोठा पत्ता आला, तर दुसरी बेट. नऊ-सहा-दोन फ्लॉपवर एक्का-राणी घेऊन एकदा मारलीत आणि टर्नला राजा आला, तर तो पत्ता तुमचाच समजा. बाकी लहानसहान पत्ता आला तर हात आखडा. रिव्हरला तिसऱ्यांदा ब्लफ मारणं हा वेगळा विषय आहे आणि आत्ता तुम्हाला त्याची गरज नाही.

आता तुमचा डाव. ब्लाइंड ५०-१००, तुम्ही सुरुवातीच्या जागेवर, इस्पिकचा एक्का आणि चौकटची राणी. रेझ ३००. कटऑफ, बटण आणि बिग ब्लाइंड, तिघांचे कॉल. पॉट १,२५०. फ्लॉप बदामचा गुलाम, बदामची अठ्ठी, किलवरची पंजी. बिग ब्लाइंड चेक, तुम्ही ९०० मारलेत. बटण गेला, कटऑफ आणि बिग ब्लाइंड दोघे आत. पॉट ३,९५०. टर्न चौकटची तिर्री. तुम्ही २,५०० मारलेत, बिग ब्लाइंड गेला, कटऑफ बसला. रिव्हरला इस्पिकची दुर्री, चेक-चेक, त्याने गुलाम-दश्शी दाखवली. एकूण ३,७०० चिप्स. तुम्ही खाली लिहिलंत, "गुलाम-दश्शीने दोनदा कॉल कोण करतं?" अहो, सगळे करतात. त्याला सगळ्यात मोठी जोडी लागली होती.

फ्लॉपचा हिशेब मांडू. ९०० टाकून १,२५० मिळवायचे तर तिघांनीही एकदम टाकणं शंभरातून ४२ वेळा व्हायला हवं. तिघं मिळून ४२ टक्के म्हणजे प्रत्येकाने वेगवेगळं ७५ टक्के वेळा टाकायला हवं, कारण पाऊण गुणिले पाऊण गुणिले पाऊण बरोबर ४२. गुलाम-अठ्ठी-पंजी, त्यात दोन बदाम. गुलामवाला टाकणार नाही, अठ्ठीवाला एकदा तरी बघणार, नव्व्या-दश्श्यांची जोडी बसणार, दश्शी-नव्वीला दोन्हीकडून स्ट्रेट, कोणत्याही दोन बदामांना फ्लश. चारातून तीनदा टाकणारा माणूस या बोर्डवर तुम्हाला सापडणार नाही, आणि तुम्हाला तसे तीन हवे होते.

आणि लागलं असतं तरी काय? कामाचे सहा पत्ते म्हणता, पण बदामचा एक्का आणि बदामची राणी पडली की फ्लश पुरा होतो. उरले चार, म्हणजे टर्नला साडेआठ टक्के. त्यातल्या राण्यांवर दश्शी-नव्वीचा स्ट्रेट बनतो तो वेगळाच. हाच हात बदामच्या एक्क्याचा असता तर मी थोडा मवाळ झालो असतो: समोरच्याकडे नटचा फ्लश ड्रॉ असू शकत नाही हे तुम्हाला माहीत असतं. तुमच्याकडे एकही बदाम नव्हता.

टर्नला दोघांसमोर अडीच हजार. इथे दोघांनी मिळून ३९ टक्के वेळा टाकायला हवं, म्हणजे प्रत्येकाने साठाहून जास्त. पण हे दोघे पाऊण पॉटची बेट कॉल करून इथवर आलेत, कोरा हात घेऊन आलेले नाहीत.

मी काय केलं असतं? फ्लॉपला चेक. कोणी मोठं मारलं की फोल्ड, तीनशेवर विषय संपला. सगळ्यांनी चेक केलं तर टर्नला एक्का किंवा काळी राणी पडल्यावर बेट. एखाद्या वेळी किलवरचा राजा पडला आणि कोणालाच रस दिसत नसेल तर पाचशेची एक चाचपणी, तीही एकदाच. तुम्ही "चेक केलं की समोरचा मारतो" म्हणता, तो मारू दे. चौघांच्या पॉटमध्ये हुकलेला एक्का-राणी हा रक्षण करण्याजोगा हातच नाही.

तुमच्या प्रश्नाचं मूळ मला "दोघं-तिघं कॉल करतात" या चार शब्दांत दिसतं. जिथे ३०० च्या रेझला तीन गिऱ्हाइकं येतात तिथे रेझ ३०० ठेवू नका. मोफत चिप्सच्या टेबलावर पाच-सहा ब्लाइंडचं रेझ करा, आधी कोणी नुसता कॉल करून आत आला असेल तर त्यावर आणखी एक. तरी एखादा येईलच, आणि एकच हवाय. एकासमोर हुकलेला एक्का-राजा खेळता येतो, तिघांसमोर त्याचं लोणचं घालता येत नाही.

आता चेक केल्यावर समोरून बेट येते तेव्हाचं. नुसतं "मला काही लागलं नाही" म्हणून टाकायचं नसतं, किंमत बघायची असते. त्याने पॉटच्या तिसऱ्या हिश्श्याची बेट केली तर तुम्हाला फक्त २० टक्के जिंकायला हवं. एकास एक सामना, तुम्ही नंतर बोलणारे, आणि बोर्ड नऊ-पाच-दोनसारखा साधा असेल तर एक्का-राजाने एकदा कॉल करा. काही वेळा तुम्ही आत्ताच पुढे असता, काही वेळा सहातला एक पडतो. अर्ध्या पॉटला २५ टक्के हवेत, इथे माणूस बघून. पूर्ण पॉटला ३३, तिथे जा घरी. तुम्ही आधी बोलणारे असाल तर हे सगळं एक पायरी कडक करा, कारण टर्नलाही आधी तुम्हालाच बोलायचंय. तुमच्या छोट्या बेटवर समोरून चेक-रेझ (आधी चेक, मग तुमच्या बेटवर रेझ) आलं तर ड्रॉ नसताना सोडा. छोट्या टेबलांवर चेक-रेझ ब्लफ म्हणून फार कमी लोक करतात. पणजीच्या बोटीवर तर आणखी कमी. तिथे वीकएंडला आलेला माणूस कॉल करायला आलेला असतो, रेझ तो जोड्या दोन झाल्यावरच करतो.

एक्का-राणीला एक जादा दुखणं आहे. ती हुकली तर सोडता तरी येते. एक्का लागला आणि समोर एक्का-राजा असला तर तीन वेळा पैसे जातात. म्हणून आधीच कोणी मोठं रेझ, त्यावर पुन्हा रेझ असं झालेलं असेल तर एक्का-राणी फ्लॉपपर्यंत नेऊच नका. एक्का-राजाचं तसं नाही. तो हातात असला की समोरच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे सहाचे तीन प्रकार उरतात, राजांच्या जोडीचेही सहाचे तीन. दुसऱ्यांदा रेझ केलेल्या पॉटमध्ये, समजा बटणच्या २५० वर तुम्ही स्मॉल ब्लाइंडमधून १,१०० केलेत आणि त्याने कॉल केलं, तर पॉट २,३०० आणि मागे प्रत्येकी ८,९००. फ्लॉप नऊ-पाच-दोन कोरडा आला तर सातशे-साडेसातशेची एक बेट ठीक. मोठ्या जोड्या तुमच्याकडे असल्याचं त्याला ठाऊक आहे. तिथून पुढे मात्र वरचाच कायदा, आणि चुकीची किंमत इथे चौपट.

हुकलेल्या हातांत लोक मोठ्या जोड्या धरत नाहीत, मी धरतो. गुलामांची जोडी आली तर फ्लॉपवर तिच्याहून मोठा पत्ता पडण्याची शक्यता ५७ टक्के आहे, राण्यांना ४१, राजांनाही साडेबावीस. राण्या हातात, फ्लॉप एक्का-आठ-चार: एकच माणूस समोर असेल तर बहुधा चेक, टर्नला त्याने चेक केलं तर मध्यम बेट, रिव्हरला उघडायचं. तीनदा मारलंत तर फक्त एक्केवाला उरेल. पहिल्या बेटलाच फोल्ड केलंत तर तो पुढच्या वेळी कोऱ्या हातानेही मारेल.

ऑनलाइनचं थोडं. स्लायडरवर बोट सरकवत रक्कम ठरवू नका. एक-तृतीयांश आणि दोन-तृतीयांश अशी दोन बटणं सेटिंगमध्ये लावून ठेवा, म्हणजे रागाच्या भरात पूर्ण पॉट जात नाही. पाळी यायच्या आधीच "चेक/फोल्ड"वर टिक करायची सवय असेल तर ती तोडा. तुमची पाळी येताक्षणी चेक पडतो आणि समोरच्याला कळतं की तुम्ही बघतही नव्हता. "चेक केलं की मारतो" यामागे हेच असू शकतं. विरारला दारात लटकत किंवा अंधेरीच्या पुलावर चालताना हे हात खेळायचे नाहीत, पंधरा सेकंदांत कोणाचा बोर्ड ते दिसत नाही. आणि समोरच्याच्या नावावर रंगीत खूण ठेवायची सोय बहुतेक अ‍ॅपमध्ये असते. फ्लॉपला कॉल करून टर्नला टाकणारा एक रंग, शेवटपर्यंत न सोडणारा दुसरा रंग. पहिल्यासमोर दश्शीसारख्या टर्नला मारा, दुसऱ्यासमोर कधीच नाही.

मोफत चिप्सवर आणि दिवाळीच्या बैठकीत हा दुसरा रंगच जास्त. आपल्याकडचे बहुतेक जण तीन पत्तीतून पोकरला आलेत. चाल भरायची आणि शो मागायचा ही सवय बोटांत बसलेली असते. "बघू तरी काय आहे" म्हणून सत्त्यांच्या जोडीवर तीन बेट भरतात. अशा माणसासमोर हुकलेल्या एक्का-राजाने फ्लॉपला कोरड्या बोर्डवर एक छोटी बेट, तीही एकच जण असेल तर, नाहीतर चेक. टर्नला ब्लफ नाही, रिव्हरला ब्लफ नाही. आणि ज्या तिसऱ्या वेळी एक्का किंवा राजा लागेल तेव्हा तिथे एक-तृतीयांश मारत बसू नका. फ्लॉपला दोन-तृतीयांश, टर्नला दोन-तृतीयांश, रिव्हरला पुन्हा तेवढीच. सत्त्यांच्या जोडीवाला तिन्ही भरेल, आणि उघडल्यावर "मला वाटलंच होतं" असंही म्हणेल.